मंगलच्या छपरावरचा आंबा

वादळाने आंब्याचं झाड चिरलं ते दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी चारच्या सुमारास. कोरगावकरांच्या घरात त्यावर बोलणं सुरू झालं ते पुढल्या सकाळी, उंडे पाव आणि पातळभाजी खाऊन हात धुतल्यावर. मधल्या वेळात मंगल त्या आंब्याखालच्या आपल्या घरात एक रात्र काढून उठलीसुद्धा होती.

चंद्रावती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत होती. सोप्यावर दोघे भाऊ समोरासमोर बसले होते. एक तिचा नवरा कृष्णनाथ. मराठी शाळेचा हेडमास्तर म्हणून निवृत्त झालेला, अजूनही सगळं पेडणे त्याला मास्तरच म्हणायचं. दुसरा दीर यशवंत, पणजीला सरकारी खात्यात असलेला, देवीच्या पुनवेच्या जत्रेसाठी चार दिवस आधीच येऊन राहिलेला. एवढी रजा देवीसाठी काढण्याइतका यशवंत भाविक नव्हता, हे चंद्रावतीला ठाऊक होतं.

"अर्ज द्यायलाच हवा," मास्तर म्हणाले. "झाड धोक्याचं झालंय असं लेखी कळवून ठेवायचं. उद्या कमीजास्त झालं तर बोल आपल्यावर नको."

"देऊया की. पण कोकणीतून."

"का म्हणून?"

"राज्य झालं, भाई. चार महिने झाले. आता कोकणीतला कागद भराभर वर सरकतो."

"मराठीतलाही घ्यावा लागतो. कायद्यात आहे तसं. छत्तीस वर्षं मी मराठी शिकवली ती तुझ्यासारख्यांनी तिला मागल्या दारी बसवावी म्हणून?"

"तुला वाऱ्याची दिशा कळत नाही, भाई."

"माका शिकवू नको!" मास्तर ओरडले. राग आला की त्यांची मराठी सुटायची आणि घरातली कोकणी बाहेर यायची. हे त्यांच्या कधी लक्षात आलं नव्हतं.

चंद्रावतीला हसू आलं. दोन वर्षांपूर्वी याच यशवंतने म्हापशाच्या सभेत मराठीसाठी रक्त सांडू असं भाषण ठोकलं होतं. कोणाचं ते सांगितलं नव्हतं. मग राज्य झालं, पणजीत नवी खाती निघाली, नव्या खुर्च्या आल्या, आणि जूनपासून हा फोन ठेवताना "देव बरें करूं" म्हणायला लागला. आणि इकडे मास्तर. भाषेसाठी जीव टाकणारे. मागीलदारी पन्नास पावलांवर एका बाईच्या कौलांवर अर्धा आंबा लोंबतोय, त्याचा अर्ज कुठल्या भाषेत लिहायचा यावर त्यांचा तास गेला होता.

"अर्ज होईपर्यंत मंगलने काय करायचं?" तिने विचारलं.

दोघांनी वळून पाहिलं. बोलणाऱ्या भांड्याकडे पाहावं तसं.

"तिला म्हणावं, शाळेच्या पडवीत जाऊन राहा," यशवंत म्हणाला. "पुनव होईस्तोवर. आपण काय तिचं वाईट चिंततो, वहिनी?"

*

दुपारच्या गाडीने शिवदास आला तेव्हा यशवंतला बरं वाटलं नाही.

शिवदास हा वहिनीचा धाकटा भाऊ. आमोण्याचा. मांडवीच्या धक्क्यावर खनिज वाहून नेणाऱ्या बार्जी दुरुस्त करायचा, तारेचे दोर, साखळ्या, कप्प्या यांत त्याचं आयुष्य गेलं होतं. दरवर्षी पुनवेला यायचा, हातात दोन पडवळं नाहीतर एखादा कोहळा घेऊन. या वर्षी कोहळा होता. बोटांच्या नखांत वंगण इतकं मुरलेलं की हळदीकुंकवाचं ताट त्याच्यापासून लांबच ठेवावं. बहिणीने सांगितलं म्हणून तो अंगावरचा शर्टही न बदलता थेट मागीलदारी गेला. यशवंत आणि मास्तर त्याच्या मागोमाग.

आंबा मानकुराद जातीचा, जुना. पुरुषभर उंचीवर त्याची दोन खोडं होत होती. त्या बेचक्यातच वाऱ्याने चीर पाडली होती आणि पश्चिमेचं खोड मंगलच्या छपरावर झुकून जेमतेम अडून राहिलं होतं. शिवदासने चिरेत हात घातला. मनगटापर्यंत आत गेला. मग तो झाडाभोवती दोन फेऱ्या मारून वर बघत राहिला.

"वाचेल," तो म्हणाला.

"कापून टाकायला किती वेळ?" मास्तरांनी विचारलं.

"कापायचं म्हटलं तरी आधी बांधावं लागेल, भावोजी. असाच कोयता घातला तर जड बाजू खाली येणार, आणि खाली मंगलची चूल आहे. त्यापेक्षा बांधून राखलेलं बरं. मूळ धड आहे, लाकूड धड आहे. नुसती कूस फाटलीय."

"मग काथ्याचं दोरखंड चार वेढे गुंडाळायचं आणि वर शेण लिंपायचं," मास्तर म्हणाले. आपल्याला बागायतीतलं सगळं कळतं असा त्यांचा समज होता, कारण पाचवीच्या पुस्तकात त्यावर एक धडा होता.

"गुंडाळायचं नाही. झाड दरवर्षी जाड होतं, दोर आत रुततो आणि गळाच आवळतो त्याचा. आधी त्या बाजूच्या टोकाच्या फांद्या उतरवून वजन कमी करायचं. दोन टेकू द्यायचे. मग चेन-पुलीने दोन्ही खोडं सावकाश जवळ ओढायची. चीर मिटली की तिच्यातून आरपार भोक पाडून आटे पाडलेली सळई घालायची, दोन्हीकडे पत्रा आणि नट. आणि वर, उंचावर, दोन खोडांमध्ये तारेचा दोर. वाऱ्यात ती एकमेकांपासून लांब जाणार नाहीत एवढाच ताण ठेवायचा."

यशवंत मोठ्याने हसला. "ऐक भाई! भोक पाडून झाड वाचवतो हा. तुमच्या आमोण्याला माणसांनाही असंच करतात काय रे?"

"मोडलेल्या मांडीत डॉक्टर सळई घालतात ना," शिवदास शांतपणे म्हणाला. "तसंच."

"बार्जीवरची हमाली इथे नको. उद्या दुपारी तलाठी येतोय वादळाच्या पंचनाम्याला. त्याने झाड जसं आहे तसं बघायला हवं."

बोलून झाल्यावर यशवंतला वाटलं, हे जरा जास्तच बोलून गेलो. त्याने वहिनीकडे पाहिलं. ती विहिरीच्या कठड्याला टेकून उभी होती आणि त्याच्याकडेच पाहत होती.

तलाठ्याकडे मंगलचा दुसराही एक कागद पडून होता. आपण इथली मुंडकार, मालकांच्या या भाटात म्हणजे बागायतीत पिढ्यान्‌पिढ्या घर करून राहिलेली, तेव्हा घराची नोंद माझ्या नावावर करा, असा तिचा अर्ज. तलाठी एकाच फेरीत दोन्ही कामं उरकणार होता. यशवंतने ते आधीच जुळवून आणलं होतं, आणि रस्त्याकडेची ती जागा म्हापशाच्या एका लॉजवाल्याला दाखवूनही झाली होती. घर मोडलं तर उत्तम. निदान रिकामं दिसलं पाहिजे, म्हणजे मुंडकाराचा हक्क उरत नव्हता. वादळाने आपणहून अर्धं काम करून दिलं होतं, आणि आता हा वंगणवाला ते उसवायला निघाला होता.

*

मंगलच्या घरात कढई चढली होती. पुनवेच्या जत्रेत तिचं खाज्यांचं दुकान असायचं. बेसनाच्या कांड्या तळायच्या, आल्याच्या गुळपाकात घोळायच्या, वर तीळ. चंद्रावती आत आली आणि न राहवून तिची नजर वर गेली. दोन कौलं फुटली होती आणि त्या भोकातून आंब्याची काळी साल दिसत होती.

"मंगल, दोन दिवस आमच्या मागल्या पडवीत येऊन राहा."

मंगलने झारा कढईवर टेकवला. "बाई, ह्या तुम्ही सांगतात, काय त्येंनी सांगूक लावल्यानी?"

"मी सांगते."

"मग ऐका. मी बाहेर गेलंय तर परत येवक माका घर आसतला? माझो घोव पांडुरंग वीस वर्सां तुमच्या माडांचे नारळ पाडी होतो. तुमच्याच माडावरना पडलो. तुम्ही तांदळाची गोणी धाडलात. मी काय बोललंय नाय. पण ह्या घर मी सोडूचंय नाय. आंबो पडलो तर माझ्यावर पडांदे."

गोणीचं तोंड चंद्रावतीने स्वतः शिवलं होतं. वर एक जुनं लुगडंही घातलं होतं, आणि आपण फार केलं असं तेव्हा वाटलं होतं. यशवंतला नावं ठेवणं सोपं होतं. स्वतःकडे तशा नजरेने बघायची तिला सवय नव्हती, आणि ते तिला अजिबात आवडलं नाही.

ती बाहेर आली. शिवदास अजून वर बघत उभा होता.

"काय काय लागेल तुला?"

"सगळं धक्क्यावर आहे. आता पाचची गाडी धरतो आणि सकाळी पिकअप घेऊन येतो. पण बाय, भावोजींनी हो म्हणायला हवं. झाड त्यांचं."

तिने मास्तरांना विचारलं. मास्तरांनी चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला.

"करू दे," ते म्हणाले. "पण मी करायला सांगितलं असं कुठे येऊ नये."

"नाही येणार," चंद्रावती म्हणाली. "तुम्ही काही केलंत असं कुणाला वाटायचंही नाही."

*

दुसऱ्या दिवशी सकाळी दहापर्यंत मागीलदारी शिडी लागली होती. शिवदासबरोबर जयवंत नावाचा गडी होता, गडहिंग्लजकडचा. तो फांदीवर बसून "खाली सरका वं!" असं ओरडायचा, आणि मग फांद्या दोराला बांधलेल्या, एकेक करून अलगद उतरायच्या. कौलाला धक्कासुद्धा लागत नव्हता. मास्तर ते सोप्याच्या खिडकीतून पाहत होते. कुणाचं काम इतकं नीट चाललेलं पाहायची त्यांना सवय नव्हती. शाळेत असं काही नसायचं.

यशवंत कागद घेऊन आला. "भाई, इथे एक सही."

मास्तरांनी वाचलं. कोकणीत लिहिलेलं निवेदन होतं. वादळाच्या वेळी हे घर वापरात नव्हतं, तिथे कोणी राहत नाही, जमिनीचा मालक म्हणून मी हे लिहून देतो. खाली त्यांचं नाव.

त्यांचं डोकं तापलं. "या भाषेतल्या कागदावर मी सही करणार नाही."

"भाई, वेळ नाही."

"नाही म्हणजे नाही!"

यशवंत गेला. मास्तरांना फार बरं वाटलं. आपण ताठ उभे राहिलो, एका गरीब बाईचं घर वाचवलं, असं म्हणत ते दहा मिनिटं सोप्यावर येरझारा घालत होते. चंद्रावती समोरून पाण्याची कळशी घेऊन गेली तेव्हा त्यांनी तिला ते सांगितलंसुद्धा.

"आणि मराठीत आणला तर?" एवढंच विचारून ती गेली.

अर्ध्या तासाने यशवंतने तो मराठीत आणला. स्वच्छ कागदावर, चांगल्या अक्षरात. 'उपरोल्लेखित गृहाचा रहीवासासाठी वापर होत नसून.' मास्तरांनी वाचला. 'रहिवास'मधला 'हि' ऱ्हस्व हवा तिथे दीर्घ झाला होता, तो त्यांनी सुधारला. एक स्वल्पविराम घातला. आता नाही म्हणायला कारण उरलं नव्हतं, आणि खरं कारण तोंडावर म्हणण्याची वेळ त्यांच्यावर आयुष्यात कधी आली नव्हती. यशवंत खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभा होता.

"आपल्या वडिलांची जमीन आहे, भाई. त्या बाईला काय, कुठेही तळेल खाजी."

मास्तरांनी सही केली. झोकदार, नावाखाली रेघ ओढून.

*

ओढायची वेळ झाली तेव्हा शिवदासने दोघी बायकांना घराबाहेर काढलं. मंगल ऐकेना.

"अर्धा तास फक्त," तो म्हणाला. "साखळीला ताण असताना खाली माणूस नको. सळई बसली की खुशाल जा आत. तोवर आत गेलात तर मी हात लावणार नाही."

मंगलने कढई उतरवली, चूल विझवली आणि खाज्यांचं सूप कमरेवर घेऊन अंगणाच्या कडेला येऊन उभी राहिली. चंद्रावती तिच्या शेजारी. चेन-पुली कर्रकर्र करू लागली. एक एक कडी. झाडातून खोल, दुखल्यासारखा आवाज यायचा, शिवदास हात वर करायचा, सगळं थांबायचं. मग पुन्हा एक कडी. चीर हळूहळू मिटत चालली होती. चार बोटं, तीन, दोन.

तेवढ्यात तलाठी आला. मोटारसायकल उभी करून, हातात फायली घेऊन. त्याच्या एका बाजूला यशवंत, दुसऱ्या बाजूला मास्तर.

"हेच घर," यशवंत मोठ्याने म्हणाला. "बघा. चूल विझलेली, माणूस नाही. मालकांनी लिहून दिलंय."

मंगलने ते ऐकलं. सूप तिच्या हातातून गळालं आणि ती घराकडे धावली.

"थांब!" शिवदास ओरडला. साखळी तारेसारखी ताठ होती आणि खोड अजून हवेत होतं. जयवंतने पुली गच्च धरली. चंद्रावतीने मंगलचं मनगट पकडलं, दोन पावलं फरफटत गेली, पण सोडलं नाही.

"सोडा माका! घर रिकामां दिसतला! बाई, सोडा!"

"मरशील!"

"मरांदे! रिकामां दिसतला त्येंका!"

मंगल हिसके देत होती. तिच्या बांगड्या चंद्रावतीच्या हातात फुटल्या. पायाखाली खाजी तुडवली जात होती. चंद्रावतीने मान वळवून नवऱ्याकडे पाहिलं. एवढ्या वर्षांच्या संसारात तिने त्याला हजार टोमणे मारले असतील, आता एकही मारला नाही. नुसती बघत राहिली.

तलाठी गोंधळून कागद वाचत होता. "मास्तर, इथे कोणी राहत नाही असं तुम्ही लिहून दिलंय. ही सही तुमचीच ना?"

मास्तरांना यशवंतचा हात पाठीवर जाणवत होता.

"सही माझी आहे," ते म्हणाले. "मजकूर खोटा आहे."

"काय?"

"खोटा आहे. ही बाई इथे राहते. हिची सासू इथेच वारली, मी खांदा दिलाय. हिचा नवरा आमच्या माडावरून पडून मेला, तेव्हाही इथूनच नेला. मंगल, आत जाऊ नको. मी सांगतोय त्यांना. उभी राहा तिथे."

मंगल थांबली. चंद्रावतीने तरीही मनगट सोडलं नाही.

"मग सही का केलीत?" तलाठ्याने विचारलं.



"शुद्धलेखन बरोबर होतं म्हणून," चंद्रावती म्हणाली.

जयवंत वर फांदीवर फिस्सकन हसला. तलाठ्याने मान खाली घालून तो कागद दुमडला आणि यशवंतच्या हातात परत दिला. मग फायलीतून दुसरा कागद काढून मंगलला नाव, वय, किती वर्षांचा रहिवास ते विचारू लागला. मास्तरांनी साक्षीदार म्हणून खाली सही केली. या वेळी रेघ ओढली नाही.

"वाटणी घे, भाई," यशवंत म्हणाला. त्याचा चेहरा काळवंडला होता. "आजच्या आज. तुझ्याशी माझा संबंध संपला."

तो पुनवेलाही थांबला नाही. बॅग घेऊन मोटारसायकलवर, त्याच तलाठ्याच्या मागे बसून स्टँडपर्यंत गेला, कारण गाडी चुकायला नको होती.

*

चार वाजेपर्यंत सळई बसली. शिवदासने लांब गिरमिटाने भोक पाडलं होतं, भुसा ओलसर आणि तांबूस निघाला. दोन्हीकडचे नट घट्ट झाल्यावर त्याने पुली सैल केली. खोड केसभर हललं आणि थांबलं. मग तो वर चढला आणि तारेचा दोर दोन्ही खोडांत बसवलेल्या कड्यांना जोडून आला.

"दर वर्षी पावसाआधी येऊन बघेन," तो म्हणाला. "झाड वाढलं की नट बदलावा लागतो. आता वारा आला तरी खुशाल झोपा."

त्याला भरतीच्या वेळेला धक्क्यावर पोचायचं होतं. चहा पिऊन तो आणि जयवंत गेले.

मंगलने पुन्हा चूल पेटवली. निम्मी खाजी मातीत गेली होती, ती परत करायला हवी होती. चंद्रावती पदर खोचून पाक ढवळायला बसली. बेसनाची कांडी किती लांब, हे तिला मंगलने दोनदा दाखवलं आणि दोनदा तिचं चुकलं.

उन्हं उतरताना मास्तर दारात आले. साठ वर्षांत त्यांनी या घराचा उंबरठा ओलांडला नव्हता. बाहेरच उभे राहून त्यांनी बायकोकडे पाहत खाकरून घेतलं.

"मी बोललो ते तू ऐकलंस ना?"

"ऐकलं."

"भाऊ गमावला मी आज."

"सकाळी सही केलीत ती दुपारी फिरवलीत. त्याला मी काय आरती ओवाळू?"

मास्तर म्हणाले, "घरी कधी येतेस?"

"हा घाणा झाल्यावर. बसा."

मंगलने पाट पुढे केला. ते अवघडून आत आले आणि बसले. वर फुटक्या कौलांच्या भोकातून आंब्याचं खोड दिसत होतं, अगदी त्यांच्या डोक्यावर. वाऱ्याची झुळूक आली आणि पानं सळसळली. मास्तरांनी चटकन वर पाहिलं. चष्मा सारखा केला. पुन्हा पाहिलं. पाट जरासा भिंतीकडे सरकवला आणि तिथूनही पाहिलं.

चंद्रावतीने ते सगळं पाहिलं. घाणा झाला होता, पाक उतरवायला झाला होता. तिने मंगलकडून आणखी एक पातेलं बेसन मागून घेतलं आणि निवांत भिजवायला बसली.